वरातीच्या बँडची रेकॉर्ड

आमच्या घरात क्लॅरोनेट होतं, पण ते घरात कधी वाजलं नाही. खोटं वाटेल, पण मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत माझ्या वडलांना नीट ऐकलेलंच नव्हतं. आबांचं म्हणणं असं की वाद्याला बोलावणं लागतं. कुणाच्या दारात कार्य असेल, सुपारी आली असेल, तरच पेटी उघडायची. उगीच घरात बसून फुंकायला ती काय जत्रेतली पिपाणी आहे का, असं विचारायचे. तालीम व्हायची बँडमास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तिथं बायामाणसांना मज्जाव. आणि लोकांच्या वरातीमागं आपल्या पोरींनी हिंडायचं नाही, हा आईचा कायदा. तेव्हा वरात लांबून गेली की मला ऐकू यायचे ते ढोल, ताशे आणि नाचणाऱ्यांची बोंबाबोंब. सोलापुरातले लोक आबांचं नाव काढायचे, तू अमक्याची पोरगी का म्हणून मला दुकानात कौतुकानं विचारायचे, आणि मी मान हलवायची. मला काय ठाऊक ते कसं वाजवतात ते. याचा मला लई राग होता आणि तो मी भांडी आपटून काढत असे.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. दुष्काळात लग्नं लागली ती पाच माणसांत, बँडबिंड कोण बोलावतो. पुढं पाऊस झाला, ज्वारी आली आणि अडलेली सगळी लग्नं एकदम निघाली. आबा आज मोडनिंब, उद्या मंगळवेढा करत होते. त्याच हंगामात एका सकाळी त्यांनी कडक भाकरीचा तुकडा तोंडातनं काढून ताटाच्या कडेला ठेवला. दुसऱ्या दिवशी भाकरी आमटीत भिजवून खाल्ली. तिसऱ्या दिवशी आईनं त्यांना उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं, तर वरचे पुढचे दोन्ही दात हलत होते आणि हिरड्यांतनं रक्त येत होतं.

क्लॅरोनेट कसं वाजतं ते सांगते, म्हणजे आमच्या घरावर काय कोसळलं ते कळेल. खालचा ओठ वाद्याच्या तोंडाशी असते त्या वेताच्या पत्तीखाली घ्यायचा आणि वरचे दोन दात वरनं टेकवायचे. सगळा जोर त्या दोन दातांवर. ते गेले की वाद्य तोंडात टिकत नाही. दातांच्या डॉक्टरांनी आबांना स्पष्ट सांगितलं की पुढचेच नाही, वरची सगळीच ओळ काढावी लागेल, दिवाळीच्या पुढं ढकलू नका. कवळी बसवून वाजवता येईल का, असं आबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल. आबा त्या दिवशी घरी आले, पायरीवर बसले, आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. पंचवीस वर्षं वाजवत होता हो तो माणूस. दुसरं काही येत नव्हतं त्यांना, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

रेकॉर्ड काढायची कल्पना बँडमास्तरांची. मास्तर ट्रंपेट वाजवायचे, दखनी बोलायचे आणि आबांना सख्ख्या भावासारखे होते. आबांच्या चार चाली होत्या, स्वतः बांधलेल्या. एक वरात निघतानाची, एक चौकातली, एक गड्ड्याच्या जत्रेतली आणि एक पाठवणीची. त्या चारही चाली दात आहेत तोवर रेकॉर्डवर उतरवून घ्यायच्या, असं मास्तरांनी ठरवलं. बँडच्या तेरा माणसांत पहिल्यांदा खसखस पिकली. लग्नाच्या बँडची रेकॉर्ड कधी कुणी ऐकली आहे का. सिनेमातली गाणी सोडून वराती कोण विकत घेणार. मुंबईला मास्तरांच्या ओळखीनं एक छोटा स्टुडिओ एका दिवसासाठी मिळाला. पैसे कसे उभे केले ते सांगत बसत नाही, सगळ्यांनी मिळून केले एवढं बास. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा जायचं ठरलं.

आणि मी गेले. आबांना मऊ जेवण लागायचं, बाहेरचं चालायचं नाही, म्हणून मुंबईच्या आत्याकडं राहून मी त्यांना पेज आणि मऊ भात करून द्यायचा, असं आईनं फर्मान काढलं. मला तर देव पावला.

स्टुडिओ म्हणजे मी मोठं काहीतरी समजत होते. ती निघाली एक खोली. पण काय खोली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या, खाली जाड गालिचा, दार मिटलं की कान बंद झाल्यासारखं व्हायचं. आम्ही सोलापूरचे, गिरणीच्या भोंग्यावर उठणारे आणि मागांच्या खडखडाटात झोपणारे. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पलीकडं काचेची छोटी खोली होती, तिथं रेकॉर्डिंग करणारे एक चष्मेवाले साहेब बसले होते. डबा घेऊन मी कुठं उभी राहू कळेना, तेव्हा त्यांनी मला त्यांच्यामागच्या स्टुलावर बसायला सांगितलं, आणि खोकायचं नाही, असं बजावलं.

मग ते एका बटणावर बोट ठेवून आबांना म्हणाले, तुम्ही एकटेच थोडं वाजवा, मला आवाज बघायचाय. आबांनी खिशातनं लवंग काढून दाढेत धरली, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

आता हे मी कसं सांगू. ढोल नाही, ताशे नाहीत, नाचणारे नाहीत. माझ्यापुढच्या खोक्यातनं एकटं क्लॅरोनेट येत होतं. पाठवणीची चाल होती. ती आधी अगदी खालून येते, कुणीतरी दाराआड बोलावं तशी, आणि मग वर चढते, आणि चढता चढता मध्येच थांबते. मला वाटलं संपली, तर ती तिथनंच परत उतरायला लागली. काचेपलीकडं उभा असलेला तो हडकुळा माणूस, ज्याला मी रोज अंघोळीचं पाणी काढून देत होते, ज्याच्याशी मी मिठावरनं भांडत होते, तो हे वाजवत होता. आणि मला एकोणीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. चष्मेवाले साहेब बटणावरचं बोट उचलायचं विसरले होते. मी रडत होते की काय ते मला आठवत नाही, पण खोकले नाही एवढं नक्की.

त्यानंतर सगळा बँड उभा राहिला आणि बट्ट्याबोळ झाला.

साहेबांनी तेरा जणांना अर्ध्या वर्तुळात उभं केलं, खडूनं खुणा केल्या आणि सांगितलं, जागा सोडायची नाही, हलायचं नाही. मास्तरांनी हात वर केला. दहा-बारा पावलांची चाल झाली असेल नसेल, ढोल पुढं पळाला, ट्रंपेट मागं राहिले, आबा मध्येच एकटे पडले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. हीच माणसं डोळे मिटून भर बाजारातनं वाजवत जायची आणि एक ठोका चुकायचा नाही. मास्तरांची शेरवानी घामानं भिजली. दर वेळी आबा लवंग बदलत होते, आणि रुमालाला लाल डाग पडत होते. दिवस उतरायला लागला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला, कारण तो दिवस गेला तर पुन्हा स्टुडिओ नव्हता, आणि दिवाळीनंतर दात नव्हते.

साहेब वैतागून स्वतःशीच म्हणाले, यांना ताल येत नाही का. हे मात्र माझ्या डोक्यात गेलं. मघापासनं काचेतनं मी त्यांच्या पायांकडंच बघत होते. खुणांवर चिकटवल्यासारखे उभे, बोटं नुसती चपलांत वळवळत होती. मी फटकन म्हणाले, "साहेब, त्या माणसांनी जन्मात कधी एका जागी उभ्यानं वाजवलेलं नाही. त्यांचा ताल पायात आहे, आणि पाय तुम्ही बांधून ठेवलेत."

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बाहेर काढतात. पण भला माणूस, त्यांनी बटण दाबलं आणि मास्तरांना विचारलं, असं असं आहे का. मास्तरांनी कपाळावर हात मारला. वरातीत चालताना श्वास पावलावर घ्यायचा आणि पावलावर सोडायचा, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं, आणि तेच विसरले होते. चौकात वरात थांबली तरी यांचे पाय थांबत नसत. मग तेरा जणांनी चपला-बूट बाहेर काढले, गालिच्यावर अनवाणी उभे राहिले, आणि जागच्या जागी पावलं टाकायला लागले. मास्तर ओरडले, "पावां चलाव रे, पावां!" आणि बँड सुटला.

आबांनी साहेबांना एकच विनंती केली, पाठवणी आधी घ्या, दाताचा भरवसा नाही. ती पहिली झाली. मग बाकीच्या तीन एकामागून एक. चौथी संपली तेव्हा आबांनी क्लॅरोनेट तोंडातनं काढलं आणि तोंड दाबून धरलं. जागच्या जागी चालून चालून सगळ्यांच्या पोटऱ्या भरल्या होत्या. मी काचेमागनं बाहेर आले, भात पुढं केला, आबांनी नको म्हणून मान हलवली.

दिवाळीनंतर दात गेले. कवळी आली. आबांनी एकदा, फक्त एकदा, मास्तरांच्या शेडमध्ये जाऊन वाजवून बघितलं. फुंकीच्या जोरानं कवळी निसटायची आणि वाद्य किंचाळायचं. त्यांनी क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवलं आणि पेटी भाच्याच्या हातात दिली. भाचा मिशीवाला, लग्न झालेला गडी, इतके दिवस दुसऱ्या क्लॅरोनेटवर होता. आबांनी झांजा घेतल्या. झांजेला दात लागत नाहीत. बँडमध्ये चालायचं तर काहीतरी हातात पाहिजेच की.

रेकॉर्डचं खोकं रेल्वे पार्सलनं आलं ते संक्रांतीच्या जरा आधी. काळीभोर, चकचकीत, हाताएवढी छोटी रेकॉर्ड, मधोमध पिवळा कागद. आमच्या वाट्याची एक आईनं आधी पाटावर ठेवली. आमच्याकडं नवी वस्तू आली की तिची पूजा होते, सायकल असो की शिवणाचं मशीन. आईनं हळद-कुंकवाची बोटं ओढली ती थेट काळ्या चकतीवर, वर अक्षता, वर साखर. आबांना काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या आळीत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कुणाकडंच नव्हतं, तेव्हा चकतीवर बोट फिरवायचं नसतं हे आम्हाला कोण सांगणार. तशीच ती कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात गेली. हॉटेलवाला तेलुगू, विणकरांच्या घरातला, त्याच्याकडं यंत्र आणि दारावर कर्णा होता. सुई ठेवली आणि आबांच्या चालीऐवजी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. गिऱ्हाइकं पोट धरून हसली. कुणी विचारलं, वरात आहे का भजी तळताय. मी पळत जाऊन मऊ फडकं आणि पाणी आणलं, आणि चकती खिडकीतनं घेऊन पायरीवर बसून पुसली. आईला तोंड दाखवायला जागा उरली नाही. नंतर चार दिवस ती त्या रस्त्यानं गेली नाही.

पुसून पुन्हा लावली तरी मधनं मधनं एक टकटक राहिलीच. पण त्यामागनं आबा आले.

मी आणि आई रस्त्यापलीकडं नळाजवळ उभ्या होतो, हॉटेलात बायका जात नसत. आबा आत गेलेच नाहीत. उपरणं तोंडावर धरून कर्ण्याखाली भिंतीला टेकून उभे राहिले. वर बघत होते. मला एवढंच माहीत होतं की मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ढोलांच्या मध्ये चालणाऱ्या माणसाला स्वतःचं काय ऐकू येणार. पाठवणी वर चढली, थांबली, उतरली. हॉटेलातला हसण्याचा आवाज कधी बंद झाला कळलं नाही. बशीत चहा ओतलेला एक म्हातारा विणकर बशी तशीच धरून बसला होता. चाल संपल्यावर आबा रस्ता ओलांडून आमच्याकडं आले. उपरण्याआडून, कवळी घरीच ठेवल्यानं बोबडं बोलत, त्यांनी आईला विचारलं, "एवढं येत हुतं व्हय मला?"

आई म्हणाली, घरी चला.

पुढं त्या रेकॉर्डचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून विश्वास बसतो. एका सायंदैनिकात चार ओळी आल्या, की वरातीचा गोंगाट आता तबकडीवरही ऐकावा लागणार. आबांनी त्या दोनदा वाचल्या. मी त्या कागदात शेंगाची चटणी बांधून मास्तरांकडं पाठवून दिली. पण गड्ड्यावर एका पाळणेवाल्यानं ती रेकॉर्ड लावली आणि माणसं पाळण्यात न बसता कर्ण्याखाली उभी राहायला लागली. पाळणेवाल्यानं वैतागून बंद केली, तर लोकांनी पुन्हा लावायला लावली. पावसाळ्यानंतर श्रीपूरला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला त्या दिवशी उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना स्पीकरवर हीच. अक्कलकोटकडनं आलेले कानडी बोलणारे व्यापारी मास्तरांच्या शेडवर येऊन विचारायचे, ती पाठवणीची रेकॉर्ड शिल्लक आहे का. बँडवर नाचतात हे सगळ्यांना ठाऊक. बँड बसून ऐकतात, ऐकताना गप्प होतात, हे सोलापुरानं पहिल्यांदाच बघितलं असेल. त्या चकतीवर बँडचं नाव होतं, वाजवणाऱ्याचं नव्हतं. आबांनीच नको म्हटलं होतं. तेरा जण चाललेत, एकट्याचं कशाला, असं म्हणाले होते. तेव्हा मला ते मोठेपणाचं वाटलं. पुढं मला त्याचा राग आला.

माझं लग्न झालं आणि मी मोडनिंबला आले. दुसऱ्या वर्षी आमच्या शेजारच्या घरी मुलीचं लग्न निघालं, आणि बँड ठरवला तो आबांचाच. सकाळपासनं मी शेजारणीच्या दारात राबत होते. वरात परतली तेव्हा बँडवाल्यांना पाणी द्यायला मीच तांब्या घेऊन गेले. आबा मागच्या रांगेत होते, लाल डगला, हातात झांजा. माझ्याकडं बघून डोळ्यांनीच हसले.

पाठवणीची वेळ झाली. नवरदेवाचे मामा मंगळवेढ्याकडचे होते, पांढरा फेटा, जोंधळ्याच्या मोठ्या जमीनदारासारखा रुबाब. ते आबांच्या भाच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, रेकॉर्डमधली पाठवणी वाजव, जशीच्या तशी. भाच्यानं वाजवली. चांगली वाजवली, खोटं कशाला बोलू. ती चाल तो झोपेत वाजवू शकला असता. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. बोटं बरोबर पडतात, पण तो माणूस यात नाही, असं त्याला तोंडावर सांगितलं. भाचा लाल झाला. मग मामांनी इकडंतिकडं बघितलं. आबा पिकल्या केसांचे, सगळ्यांत वयस्कर, म्हणून मामा त्यांच्याकडं वळले.

"तुमी जुनं दिसताय. त्या रेकॉर्डवाल्याला ऐकलंय का हो कधी?"

माझ्या मस्तकात कळ गेली. सासरच्या दहा बाया बघत होत्या, डोक्यावरनं पदर होता, तरी मी तांब्या घेऊन पुढं झाले. सांगणारच होते, की अहो, ज्याला विचारताय तोच तो, आणि त्याच्या हातात झांजा का आहेत तेही विचारा. आबांनी माझ्याकडं न बघता झांजेचा हात जरासा वर केला. लहानपणी मी कुणाशी भांडायला निघाले की असाच करायचे. मी जागेवर थांबले.

"ऐकलंय की," आबा म्हणाले. "पर उशिरा ऐकलं."

मामांनी फेटा सारखा केला. हळहळल्यासारखे दिसले. मग म्हणाले, "उशिरा का हुईना, ऐकलं न्हवं? त्यालाबी नशीब लागतं."

मला आबांचा चेहरा नीट दिसत होता. त्यावर दुःख नव्हतं, शपथेवर सांगते. हॉटेलच्या भिंतीला टेकून वर बघत होते, तेव्हा जसा होता तसाच होता.

"व्हय," ते म्हणाले, "लागतं की." आणि भाच्याकडं वळून म्हणाले, "हं, धर परत. पाय हलवत ऱ्हा."